वाफेच्या यंत्रांचे प्रगतिपुस्तक

शाळेतून मिळणारे प्रगतिपुस्तक आपण घरी नेतो, वडिलांची सही घेतो आणि परत वर्गशिक्षकांकडे देतो. त्यातले गुण आपण, आपले पालक आणि शिक्षक एवढ्यांनाच ठाऊक असतात. आता अशी कल्पना करा की, दर महिन्याला सर्व विद्यार्थ्यांचे गुण, त्यांच्या शिक्षकांची नावे आणि अभ्यासाची पद्धत या सर्वांचा एक तक्ता छापून तो गावभर वाटला जात आहे. काहींना ही कल्पना मुळीच रुचणार नाही! परंतु इंग्लंडच्या एका कोपऱ्यात १८११ साली असेच एक प्रगतिपुस्तक छापले जाऊ लागले आणि ते १९०४ सालापर्यंत, म्हणजे तब्बल ९३ वर्षे चालू राहिले. ते विद्यार्थ्यांचे नव्हते, तर वाफेच्या यंत्रांचे होते. आपल्या कामाविषयी तंत्रज्ञांनी नियमितपणे, उघडपणे आणि आकड्यांसह लिहिले तर काय घडते, याचे विज्ञानाच्या इतिहासातील हे एक उत्तम उदाहरण आहे.

कोळसा नसलेला प्रदेश

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला अटलांटिक महासागरात घुसलेला एक चिंचोळा भूभाग आहे. त्याचे नाव कॉर्नवॉल. येथे तांब्याच्या आणि कथिलाच्या खाणी होत्या. खाण जितकी खोल जाते तितके तिच्यात पाणी साचते आणि ते सतत उपसावे लागते. उपसा थांबला की खाण बुडालीच म्हणून समजा. अठराव्या शतकात हा उपसा वाफेच्या यंत्रांनी होऊ लागला.

पण कॉर्नवॉलमध्ये दगडी कोळसा नाही. तो वेल्समधून जहाजाने आणावा लागे. जहाजे तांब्याचे खनिज घेऊन वेल्सला जात आणि येताना कोळसा भरून आणत. साहजिकच येथे कोळसा महाग पडे. ज्या गावात कोळसा दारातच सापडतो तेथे यंत्राने थोडा जास्त कोळसा खाल्ला तरी कोणी फारशी फिकीर करत नाही. कॉर्नवॉलमध्ये मात्र एखादी खाण नफ्यात चालणार की बंद पडणार, हे बहुधा यंत्र किती कोळसा खाते यावर ठरत असे.

थॉमस न्यूकोमेनचे १७१२ सालचे यंत्र फारच खादाड होते. त्यात सिलिंडरमध्ये वाफ भरून नंतर त्याच सिलिंडरमध्ये थंड पाणी फवारून तिचे पाणी करीत. त्यामुळे दर खेपेला सिलिंडर थंड होई आणि पुढच्या खेपेची पुष्कळशी वाफ तो पुन्हा तापवण्यातच खर्ची पडे. जेम्स वॉटने वाफ थंड करण्यासाठी निराळे पात्र, म्हणजे संघनक, जोडला आणि १७६९ साली त्याचे पेटंट घेतले. ब्रिटिश संसदेने १७७५ साली या पेटंटची मुदत १८०० सालापर्यंत वाढवून दिली.

वॉट आणि त्याचा भागीदार मॅथ्यू बोल्टन यांची आकारणी मोठी मजेदार होती. न्यूकोमेनच्या यंत्राच्या तुलनेत जितका कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा एक-तृतीयांश हिस्सा खाणवाल्यांनी त्यांना द्यायचा. त्यासाठी यंत्राने किती फेरे मारले ते मोजणारा गणक यंत्राला जोडून तो कुलूपबंद ठेवीत. खाणवाल्यांना ही रक्कम डोईजड वाटू लागली. जोनाथन हॉर्नब्लोअर, एडवर्ड बुल यांसारख्या स्थानिक अभियंत्यांनी स्वतःची यंत्रे बनवली, तेव्हा वॉटने त्यांना न्यायालयात खेचले. वातावरण असे होते की, ज्याला काही नवे सुचे तो ते मनातच ठेवी.

१८०० साली पेटंटची मुदत संपली आणि बोल्टन-वॉट यांची माणसे कॉर्नवॉलमधून निघून गेली. आता सर्वांना मोकळीक मिळाली, तेव्हा यंत्रे झपाट्याने सुधारली असतील असे तुम्हाला वाटेल. प्रत्यक्षात उलटेच झाले. देखरेख करणारे आणि मोजमाप ठेवणारे कोणी उरले नाही. शेजारच्या खाणीत काय चालले आहे याचा पत्ता नाही, स्वतःच्या यंत्राची मोजदाद नाही. मग यंत्रांची निगा ढिली पडली आणि त्यांची कामगिरी खालावली.

लीन यांचा मासिक अहवाल

तेव्हा काही खाणींच्या व्यवस्थापकांनी एकत्र येऊन ठरवले की, प्रत्येक यंत्राची कामगिरी एका निःपक्षपाती माणसाने मोजावी आणि दर महिन्याला छापून सर्वांना द्यावी. हे काम जोएल लीन या अनुभवी खाण-कप्तानाकडे सोपवण्यात आले. पहिला अहवाल १८११ साली निघाला. पुढच्याच वर्षी जोएल लीन मरण पावला, परंतु त्याच्या मुलांनी हे काम पुढे चालवले. 'लीन यांचा इंजिन रिपोर्टर' या नावाने हा अहवाल प्रसिद्ध आहे.

अहवालात काय असे? खाणीचे नाव, यंत्राचे नाव, सिलिंडरचा व्यास, दट्ट्याच्या एका फेऱ्याची लांबी, पंपावरील भार, महिन्याभरातील फेऱ्यांची संख्या, जळालेला कोळसा, यंत्रासंबंधी काही विशेष टिपणे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्या यंत्राची जबाबदारी असलेल्या अभियंत्याचे नाव. या सर्वांवरून एक आकडा काढीत. त्याला 'ड्यूटी' म्हणत. एक बुशेल कोळसा जाळून किती पौंड पाणी एक फूट उंच उचलले गेले, तो आकडा म्हणजे ड्यूटी. कॉर्नवॉलमधील कोळशाचा एक बुशेल म्हणजे ९४ पौंड, अर्थात सुमारे ४२.६ किलोग्रॅम.

एक काल्पनिक उदाहरण करून पाहू. समजा, एका यंत्राच्या पंपावरील भार ६०,००० पौंड आहे, पंपाच्या एका फेऱ्याची लांबी ८ फूट आहे आणि महिन्याभरात ४,००,००० फेरे झाले. मग झालेले कार्य ६०,००० × ८ × ४,००,००० म्हणजे १९,२०० कोटी फूट-पौंड. त्यासाठी ४,८०० बुशेल कोळसा लागला असेल, तर ड्यूटी झाली ४ कोटी. गणित सातवीतल्या मुलालाही जमेल इतके सोपे आहे. पण या एका आकड्यामुळे कॉर्नवॉलमधील लहानमोठी सर्व यंत्रे एकाच ओळीत उभी करून त्यांची तुलना करता येऊ लागली.

तीस वर्षांत तिप्पट

सुरुवातीच्या अहवालांत सरासरी ड्यूटी २ कोटींपेक्षाही कमी होती. १८४० नंतरच्या दशकात ती ६ कोटींच्या घरात गेली. फोवी कन्सोल्स या खाणीतील विल्यम वेस्ट याच्या यंत्राने तर १८३५ सालच्या एका खास चाचणीत साडेबारा कोटींचा आकडा गाठला.

हे आकडे आजच्या भाषेत मांडू. एक फूट-पौंड म्हणजे १.३५६ ज्यूल. २ कोटी ड्यूटी म्हणजे १ किलोग्रॅम कोळशात १०० मीटर खोलीवरून सुमारे ६५० लिटर पाणी वर येते. ६ कोटींना तेवढ्याच कोळशात सुमारे १,९५० लिटर, आणि साडेबारा कोटींना ४,००० लिटरहून थोडे अधिक! एक किलोग्रॅम चांगल्या कोळशातून सुमारे ३ कोटी ज्यूल उष्णता मिळते असे धरले, तर कार्यक्षमता अनुक्रमे २, ६ आणि १३ टक्क्यांच्या आसपास येते. या आकड्यांवरून दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे सुधारणा फार मोठी झाली. दुसरी म्हणजे उत्तमातले उत्तम यंत्रसुद्धा कोळशातील बहुतांश उष्णता वायाच घालवीत होते.

ही सुधारणा कोणा एकाच्या डोक्यातून निघाली नाही. १८१२ साली रिचर्ड ट्रेविथिकने व्हील प्रॉस्पर या खाणीत उच्च दाबाच्या वाफेवर चालणारे यंत्र बसवले. (येथील 'व्हील'चा चाकाशी काही संबंध नाही, कॉर्निश भाषेत त्याचा अर्थ खाण असा आहे.) वॉट वातावरणाच्या दाबापेक्षा किंचितच जास्त दाबाची वाफ वापरी. ट्रेविथिकने दाब पुष्कळ वाढवला आणि दट्ट्या थोडासा सरकताच वाफेची झडप बंद करण्याची पद्धत अवलंबली. कोंडलेली वाफ मग प्रसरण पावत दट्ट्याला उरलेल्या अंतरभर ढकलीत जाते. म्हणजे वाफ थोडी लागते आणि काम जास्त होते. ट्रेविथिकने या यंत्राचे पेटंट घेतले नाही. ज्याला ते बनवायचे असेल त्याने ते बनवावे!

त्याच सुमारास आर्थर वुल्फ याने दोन सिलिंडरांचे यंत्र आणले. त्यात वाफ प्रथम लहान सिलिंडरमध्ये आणि नंतर मोठ्यात प्रसरण पावे. आरंभी वुल्फची यंत्रे आघाडीवर होती. दोहोंत सरस कोणते? यावर वादविवाद करण्याची गरज नव्हती; दर महिन्याचा अहवाल होताच. काही वर्षांत असे दिसून आले की, वुल्फचे यंत्र गुंतागुंतीचे असल्याने त्याची निगा राखणे अवघड जाते व त्याची कामगिरी पुढे टिकत नाही. ट्रेविथिकच्या पद्धतीचे एका सिलिंडरचे यंत्र साधे, स्वस्त आणि जवळपास तितकेच किफायतशीर ठरले. मग तेच सर्वत्र रूढ झाले आणि 'कॉर्निश इंजिन' म्हणून नावाजले.

तिसरे उदाहरण सॅम्युअल ग्रोस याचे. त्याने कोणताही मोठा शोध लावला नाही. व्हील टॉवन येथील यंत्राचा सिलिंडर आणि वाफेच्या नळ्या त्याने उष्णतारोधक आवरणाने नीट गुंडाळल्या, उष्णतेची गळती जेथे जेथे होत होती तेथे ती रोखली. १८२७-२८ च्या सुमारास या यंत्राची ड्यूटी ८ कोटींच्या वर गेली. अनेकांचा यावर विश्वास बसेना, तेव्हा इतरांसमक्ष यंत्राची चाचणी घेण्यात आली. आकडा खरा ठरताच बाकीच्या अभियंत्यांनीही आपापल्या यंत्रांना आवरणे घातली. अहवाल नसता तर ग्रोसची ही युक्ती एकाच खाणीत राहिली असती.

पॅरिसमधला एक वाचक

उघडपणे लिहिलेली माहिती कोणाच्या हाती पडेल हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसते. फ्रान्समध्ये सादी कार्नो नावाचा एक तरुण अभियंता उष्णतेपासून जास्तीत जास्त किती कार्य मिळू शकेल, या प्रश्नाचा विचार करीत होता. त्याचे छोटेसे पुस्तक १८२४ साली प्रसिद्ध झाले. उष्मागतिकी या शास्त्राचा पाया या पुस्तकाने घातला. त्यात कार्नोने कॉर्नवॉलमधील व्हील अब्राहम या खाणीतल्या यंत्राचा ५ कोटी ६० लाख पौंडांचा आकडा दिला आहे आणि ही कामगिरी एकाच महिन्यापुरती टिकली, हेही प्रामाणिकपणे नोंदवले आहे. कोळशाची बचत व्हावी म्हणून कॉर्नवॉलमध्ये केलेली मोजमापे अशा रीतीने मूलभूत विज्ञानाच्या कामी आली.

पुढे कॉर्नवॉलची यंत्रे परदेशी गेली. हॉलंडमधील हार्लेमचे विस्तीर्ण सरोवर उपसून जमीन मोकळी करण्यासाठी तीन प्रचंड वाफेची यंत्रे बसवली गेली. त्यांपैकी क्रुकियस या यंत्राचा बाहेरचा सिलिंडर १४४ इंच, म्हणजे साडेतीन मीटरहून अधिक व्यासाचा असून तो कॉर्नवॉलमधील हेल येथे तयार झाला होता. १८५२ साली ते सरोवर कोरडे झाले. आज ॲमस्टरडॅमचा स्खिपोल विमानतळ याच सरोवराच्या तळावर उभा आहे!

लिहिणाऱ्याचा काय लाभ?

येथे एक रास्त प्रश्न उभा राहतो. आपले ज्ञान असे सर्वांना वाटून टाकले, तर ज्याने कष्ट घेतले त्याच्या पदरात काय पडते?

कॉर्नवॉलमधील अभियंते बहुधा एकाच वेळी अनेक खाणींचे काम पाहत. अहवालात ज्याच्या नावापुढे मोठा आकडा असे, त्याला नव्या खाणींकडून बोलावणे येई. म्हणजे उघडपणे नोंदलेले काम हेच त्याचे शिफारसपत्र होते. खाणींच्या भागधारकांचे पैसे अनेकदा एकापेक्षा अधिक खाणींत गुंतलेले असत, त्यामुळे एका खाणीतील युक्ती दुसरीत गेली तर त्यांचाही फायदाच होता. शिवाय प्रत्येक अभियंत्याला स्वतःची एक सुधारणा देऊन इतरांच्या दहा सुधारणा फुकट मिळत होत्या.

पण याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्या ट्रेविथिकच्या कल्पनेवर हे सारे उभे राहिले, तो १८१६ साली नशीब काढायला दक्षिण अमेरिकेत गेला, रिकाम्या हाताने परतला आणि १८३३ साली गरिबीतच वारला. वॉटने पेटंट घेतले नसते तर बोल्टनने त्याच्यामागे भांडवल उभे केले असते का, हाही विचार करण्यासारखा प्रश्न आहे. ज्ञान खुले ठेवायचे असेल, तर ते निर्माण करणाऱ्याच्या चरितार्थाची काळजी समाजाने निराळ्या मार्गाने घेतली पाहिजे, हाच ट्रेविथिकच्या शेवटातून घ्यायचा धडा आहे.

अहवालात दोषही होते. पंपातून वर आलेले पाणी प्रत्यक्ष मोजत नसत, पंपाच्या मापावरून त्याचा हिशेब करीत. त्यामुळे गळती लक्षात येत नसे. कोळशाचा दर्जाही सारखा नसे. मोठ्या आकड्याच्या मोहाने काही अभियंते वाफेचा दाब आणि प्रसरण बेसुमार वाढवीत आणि त्या धक्क्यांनी यंत्राचे भाग मोडत. केवळ गुणांसाठी अभ्यास केला की काय होते, हे तुम्हाला निराळे सांगायला नकोच! परंतु हे दोषदेखील आपल्याला कळतात, ते मोजणी कशी केली हे तेव्हाच उघडपणे लिहून ठेवल्यामुळे.

शाईच्या लेखणीचा संगणकतज्ज्ञ

लिहिण्याचा आणखी एक लाभ आहे आणि तो वाचक एकही नसला तरी मिळतो. एड्सगर डायक्स्ट्रा (१९३०–२००२) या डच शास्त्रज्ञाचे उदाहरण घ्या. त्याने पदार्थविज्ञानाचा अभ्यास केला, पण नाव कमावले संगणकशास्त्रात. दोन ठिकाणांमधील सर्वांत जवळचा मार्ग शोधण्याची त्याची रीत १९५९ साली प्रसिद्ध झाली. आजही रस्ता दाखवणाऱ्या संगणकीय नकाशांमागे तिचा आणि तिच्यावर आधारलेल्या रीतींचा मोठा आधार आहे.

डायक्स्ट्राला एक सवय होती. मनात आलेला विचार, सोडवलेले कोडे, प्रवासातील निरीक्षण, एखाद्या प्रचलित पद्धतीवरील टीका, असे जे असेल ते तो लिहून काढी. प्रत्येक टिपणाला आपल्या नावाची आद्याक्षरे आणि क्रमांक देई आणि त्याच्या प्रती मोजक्या सहकाऱ्यांना पाठवी. ते आणखी प्रती काढून पुढे पाठवीत. त्यांतील पुष्कळशी टिपणे शाईच्या लेखणीने, वळणदार अक्षरात लिहिलेली आहेत. आयुष्यभरात त्यांची संख्या तेराशेच्या वर गेली! संगणकासाठी आज्ञावली लिहिणाऱ्याला आपला विचार आधी साध्या, स्वच्छ भाषेत मांडता आला पाहिजे, असा त्याचा आग्रह होता.

यातील मर्म विद्यार्थ्यांना चटकन पटेल. एखादे प्रमेय 'समजले' असे वाटते. पण ते मित्राला समजावून सांगायला बसलो की मध्येच अडखळायला होते. जेथे अडखळलो तेथेच आपले अज्ञान दडलेले असते. लिहिताना ते सापडते. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मी नेहमी पाहतो की, ज्या मुलांच्या वहीत 'तारेचे जोड सैल होते, म्हणून पहिली तीन वाचने सोडून दिली' अशी वाक्ये असतात, त्यांना प्रयोग खरोखर कळलेला असतो. दुसऱ्याच्या वहीतून उतरवलेली वाचने मात्र संशय यावा इतकी सुबक असतात.

तुमचा स्वतःचा अहवाल

विद्यार्थी मित्रांनो, शिक्षकांच्या देखरेखीखाली तुम्हालाही असा एक अहवाल सुरू करता येईल. प्रयोगशाळेतील स्पिरिटचा दिवा वजन करून घ्या. एका चंचुपात्रात २०० ग्रॅम पाणी घेऊन त्याचे तापमान ४० अंश सेल्सिअसने वाढेपर्यंत ते तापवा. दिवा विझवून, थंड झाल्यावर पुन्हा वजन करा. पाण्याला मिळालेली उष्णता २०० × ४० म्हणजे ८,००० कॅलरी. समजा, स्पिरिट ३ ग्रॅम जळाले, तर तुमच्या दिव्याची 'ड्यूटी' झाली दर ग्रॅमला सुमारे २,६७० कॅलरी. एक ग्रॅम स्पिरिट पूर्ण जळाल्यास साधारण ७,००० कॅलरी मिळतात, तेव्हा कार्यक्षमता झाली ३८ टक्के.

आता वर्गाचे गट पाडा. एका गटाने पात्रावर झाकण ठेवून पाहावे, दुसऱ्याने ज्योतीभोवती पत्र्याचा आडोसा करावा, तिसऱ्याने ज्योत आणि पात्र यांतील अंतर बदलावे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, एवढे पथ्य पाळा. प्रत्येक गटाने आपला आकडा, केलेला बदल आणि आलेली अडचण, सर्व काही नावानिशी फळ्यावर लावावे. फसलेले प्रयत्नही लावावेत. कारण तुमचा फसलेला प्रयत्न दुसऱ्या गटाचा एक आठवडा वाचवतो. पुढच्या महिन्यात सर्वांनी सर्वांचे अहवाल वाचून आपापला दिवा सुधारावा.

दोन-तीन महिन्यांनी पहिल्या आणि शेवटच्या अहवालातील सरासरी काढून पाहा. मग हे सर्व अहवाल एकत्र बांधून शाळेच्या ग्रंथालयात ठेवा. पुढच्या वर्षीच्या मुलांना शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. तुम्ही जेथे थांबलात तेथून त्यांना पुढे जाता येईल.